पाण्यात तडकलेली पाती आणि परसातली भट्टी

वाचकाचे पत्र: मी जुळे सोलापुरात राहतो. वय ३६, खाजगी कंपनीत हिशेबनीस आहे. गेल्या दिवाळीपासून घरामागच्या मोकळ्या जागेत, पत्र्याच्या शेडखाली, लहानशी भट्टी मांडून सुऱ्या घडवण्याचा छंद लागला आहे. ट्रकच्या कमानीचे पाटे भंगारातून आणले. गावाकडच्या लोहाराला लहानपणी विळ्याला पाणी देताना पाहिले होते, तसेच मीही केले. पण दोन पाती पाण्यात घालताच आवाज होऊन तडकली आणि तिसरे दुसऱ्या दिवशी हातातून फरशीवर पडले, त्याचे दोन तुकडे झाले. मोडलेली जागा रव्यासारखी दाणेदार आणि चमकदार दिसते. गॅसची भट्टी व बेल्ट ग्राइंडर घेतले तर हे थांबेल का? दोन्ही मिळून सत्तर हजारांच्या घरात जातात. शेजारच्या काकूंच्या कुरडयांवर काजळी पडल्यावरून कुरबूर झाली आहे. वडील गिरणीतून फिटर म्हणून निवृत्त झाले. ते म्हणतात, हे वेड सोड, एक दिवस पोलीस दारात येतील. त्यातच मित्र शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी तलवारी करून मागत आहेत. सहा वर्षांची मुलगीही मी काम करताना जवळ येऊन बसते. छंद पुढे न्यावा की आवरता घ्यावा?

उत्तर:

छंद सोडू नका, आणि सत्तर हजार रुपयेही एवढ्यात बाहेर काढू नका. तुमची तिन्ही पाती ज्या कारणांनी गेली, त्यांतले एकही कारण गॅसच्या भट्टीने किंवा बेल्ट ग्राइंडरने आपोआप दूर होणारे नाही. पत्रावरून असे दिसते की पाते ठोकून आकाराला आणण्यात तुमचा बहुतेक वेळ जातो आणि पोलाद किती तापवायचे, ते कशात बुडवून विझवायचे आणि विझवल्यावर पुन्हा किती गरम करायचे, हा शेवटचा टप्पा घाईने उरकला जातो. सुरी चांगली की वाईट, हे बव्हंशी त्याच टप्प्यात ठरते.

लहानपणी तुम्ही जे पाहिले ते खरेच होते, पण त्यातला निम्मा भाग नजरेतून सुटला असावा. गावचा लोहार विळा लाल करून सबंध पाण्यात सोडत नाही. तो धारेकडची बोटभर पट्टीच क्षणभर पाण्यात धरतो, लगेच बाहेर काढतो आणि विटेच्या तुकड्यावर खसाखसा घासतो. घासलेल्या जागी वरची काळी खपली निघून पांढरे लोखंड उघडे पडते. पाठीच्या जाड भागात अजून उष्णता शिल्लक असते, ती धारेकडे सरकू लागते आणि त्या उघड्या पट्टीवर आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा रंग चढत जातो. हवा तो रंग धारेशी पोहोचला की तो विळा पुन्हा बुडवतो. पहिल्या बुडवणीने धार कडक होते आणि मधल्या त्या थोड्या क्षणांत, पाठीकडून आलेल्या उष्णतेने, तिचा ठिसूळपणा कमी होतो. पाहणाऱ्या मुलाला चुर्र आवाज आणि वाफ दिसते. लोहाराचे डोळे मात्र त्या रंगावर खिळलेले असतात. शिवाय हातातले लोखंड कोणत्या जातीचे आहे आणि ते पाणी सोसेल की नाही, याचा त्याला अंदाज असतो.

तुमच्या हातातले पोलाद पाणी सोसणारे नव्हते. ट्रकच्या कमानीचे पाटे स्प्रिंगच्या पोलादाचे असतात; त्यांत कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो आणि जोडीला सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम असते. पोलादाच्या दुकानात ‘ईएन ४५’ या नावाने मिळते ते याच घराण्यातले. ही पोलादे तेलात विझवण्यासाठी केलेली आहेत. पाणी उष्णता फार वेगाने ओढून घेते. धार आधी कडक होऊन बसते, जाड पाठ मागाहून कडक होते आणि कडक होताना किंचित फुगते. या ओढाताणीत सर्वांत पातळ जागी, म्हणजे धारेलाच, तडा जातो. आडव्या घासल्याच्या खुणा राहिल्या असतील किंवा विझवण्याआधीच धार कागदासारखी पातळ केली असेल, तर हा धोका आणखी वाढतो. विझवण्यापूर्वी धारेची जाडी निदान दीड मिलिमीटर ठेवावी आणि शेवटच्या खुणा पात्याच्या लांबीच्या दिशेने कराव्यात.

तिसऱ्या पात्याची गोष्ट वेगळी आहे. ते विझवताना वाचले, पण नंतर त्याला सौम्य उष्णता दिल्याचा उल्लेख तुमच्या पत्रात कोठेही नाही. पूर्ण कडक झालेले आणि तसेच ठेवलेले पोलाद फरशीवर पडल्यावर मोडले, यात नवल नाही.

आता तुम्ही लिहिलेल्या दाणेदार जागेविषयी, कारण पत्रातले सर्वांत उपयोगी वाक्य तेच आहे. नीट तापवून विझवलेल्या पोलादाचा तुकडा मोडला, तर मोडलेली जागा राखाडी आणि मखमली दिसते, दाणा वेगळा ओळखू येत नाही. दाणे चमकताना दिसतात याचा अर्थ पोलाद गरजेपेक्षा बरेच जास्त, किंवा बराच जास्त वेळ, तापले आणि आतले स्फटिक वाढले. असे पाते तेलात विझवले असते तरी दणकट झाले नसते. तडकलेल्या दोन पात्यांचे तडेही चिमट्यात धरून पुरते उघडा. आतला पृष्ठभाग काळा असेल तर तडा विझवण्याच्या आधीचा, म्हणजे भट्टीतला किंवा पाट्यातला जुनाच आहे. स्वच्छ राखाडी असेल तर तो पाण्यात पडला आहे. भंगारातल्या पाट्याने रस्त्यावरचे असंख्य धक्के सोसलेले असतात आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असू शकतात. पाटा घासून स्वच्छ करा, रॉकेल चोळा, कोरड्या फडक्याने पुसून घ्या आणि वर खडूची पूड भुरभुरा. भेग असेल तर तिच्यात शिरलेले रॉकेल पुडीवर रेघ उमटवते. पण माझे मत विचाराल तर शिकण्याच्या काळात भंगार नकोच. पाच-सहा मिलिमीटर जाडीची कोरी पट्टी, जातीचे नाव लिहिलेल्या पक्क्या बिलासह घ्या आणि वर्षभर तीच वापरा. दर वेळी वेगळे पोलाद असले की चूक कोठे झाली हे कधीच कळत नाही. बांधकामाची सळई आणि साधी एमएस (मऊ पोलादाची) पट्टी यांत कार्बन इतका कमी असतो की त्या सुरीइतक्या कडक होत नाहीत. जस्ताचा मुलामा असलेली वस्तू तर भट्टीजवळही आणू नका. जस्त ९०७ अंश सेल्सियसला उकळते, त्याच्या धुराने थंडीताप भरतो, आणि घडाईची उष्णता त्याहून वरची असते.

घडाई संपली की पाते लाल करून स्थिर हवेत, तारेला टांगून, काळे होईपर्यंत थंड होऊ द्या. हे तीनदा करा आणि दर वेळी आधीपेक्षा थोडे कमी तापवा. वाढलेला दाणा याने पुन्हा बारीक होतो. विझवण्यासाठी तापवताना लोहचुंबक तारेला बांधून जवळ ठेवा. ७७० अंशांच्या सुमारास पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते. विझवण्याची उष्णता त्याच्या थोडी वर, तुमच्या पोलादासाठी ८३० ते ८६० अंशांच्या आसपास आहे. चुंबकाने दार दाखवले की पुढची पावले डोळ्यांनी टाकायची असतात, आणि येथेच सोलापूरचे ऊन आड येते. एप्रिलमधल्या दुपारी उघड्यावर काम करताना जे पाते जेमतेम तांबूस भासते, ते सावलीत पाहिल्यास नारिंगी झालेले असते. तुमची पाती जास्त तापली याचे कारण बहुधा हेच असावे. म्हणून हे एक काम तरी दिवेलागणीनंतर, शेडमधला दिवा मालवून करा. अंधारात पाते हळूहळू तापवले तर एक गोष्ट स्पष्ट दिसते: सगळे पाते लाल असताना पाठीच्या जाड भागात गडद सावली रेंगाळते, भोवतालच्या भागाची लाली उजळली तरी ती काही क्षण हटत नाही, आणि मग आकसत नाहीशी होते. पोलादाच्या आतली रचना बदलताना ते उष्णता शोषून घेते, तिचीच ती सावली असते. सावली गेल्यावर पाते थोडे आणखी उजळू द्या, सगळीकडे सारखा रंग आला की तेलात न्या. दोन-तीन वेळा ही सावली नीट पाहिली की रंगांच्या तक्त्यांची फारशी गरज उरत नाही.

तेल शेंगदाण्याचे किंवा करडईचे चालते. आपल्या जिल्ह्यात दोन्ही सहज मिळतात. पाच लिटर तेल मावेल असा उभा लोखंडी डबा घ्या, प्लास्टिकची बादली कदापि नको, आणि घट्ट बसणारे झाकण हाताशी ठेवा. तेल ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट केल्यास ते पातळ होऊन उष्णता अधिक चांगली ओढते. वैशाखात आपल्याकडे सावलीतले तेलही चाळिशीला पोहोचलेले असते, त्यामुळे एखादा गरम लोखंडी तुकडा त्यात बुडवला की पुरते. पाते टोकाकडून सरळ आत घाला आणि वरखाली हलवा; आडवे हलवले तर वाकते. तेलाने पेट घेतला तर झाकण लावा, पाणी ओतू नका. गॅरेजमधले जळके इंजिन ऑइल फुकट मिळते म्हणून अनेक जण वापरतात. त्याचा धूर विषारी असतो, घरच्या परसात त्याला जागा देऊ नये.

थंड झालेल्या पात्याच्या धारेवर कानस फिरवा. कानस न चावता घसरली तर धार कडक झाली. पाते साबणाने धुऊन, पुसून, त्याच दिवशी ओटीजीत (स्वयंपाकाच्या विजेच्या भट्टीत) ठेवा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. स्वयंपाकाच्या सुरीसाठी २०० अंशांवर दोन तास, बाहेर काढून थंड करणे आणि पुन्हा दोन तास, एवढे पुरे. ओटीजीच्या बटणावरचा आकडा भरवशाचा नसतो, म्हणून आत ठेवायचा स्वतंत्र तापमापक घ्या आणि पाते वाळूने भरलेल्या ट्रेमध्ये ठेवा. पाते आधी चकचकीत घासून ठेवले असेल तर त्यावर फिकट पिवळा रंग येतो. मग धार लावून पितळेच्या सळईवर किंचित तिरकी दाबून पाहा. धार वाकून परत सरळ झाली तर उत्तम. टवके उडाले तर पुन्हा दहा-पंधरा अंश जास्त उष्णता द्यायची. वाकलेलीच राहिली तर कडकपणा कमी पडला, तापवण्यापासून पुन्हा सुरुवात.

एवढे सगळे लोणारी, म्हणजे लाकडाच्या, कोळशाच्या साध्या भट्टीत, हातपंख्याच्या भात्यावर होते. बेल्ट ग्राइंडरने वेग वाढतो, हे खरे. पण हात बसण्याआधी तो आला तर चुकाही त्याच वेगाने होतात, आणि विझवलेल्या पात्याची धार पट्ट्यावर क्षणभर जास्त दाबली गेली तर ती निळी पडून मऊ होते. तुमच्या घरात तर गिरणीतून निवृत्त झालेला फिटर आहे. त्या पिढीच्या फिटरला कानशीने सपाट पृष्ठभाग काढणे येते, आणि सुरी करणाऱ्याला याहून उपयोगी कौशल्य दुसरे नाही. वडिलांकडून कानस कशी धरायची, रेटा कोठे द्यायचा आणि परतताना ती का उचलायची, हे शिकून घ्या. ते नाही म्हणतील असे मला वाटत नाही. त्यांची नाराजी लोखंडावर नसून बेशिस्त कामावर असण्याची शक्यता अधिक आहे. सध्या एक चांगली बारा इंची कानस, एक अर्धगोल कानस, शेगडा (पाते पकडून ठेवणारा व्हाइस), किलोभर वजनाचा हातोडा, दोन सांडशा आणि निरनिराळ्या नंबरचे पॉलिश पेपर एवढ्यावर भागते. मुठीला बाभूळ किंवा चिंच घ्या. शिसव देखणे असले तरी त्याचा भुसा अनेकांना बाधतो.

ऐरणीविषयी तुम्ही काही लिहिले नाही, तरी एक सांगणे भाग आहे. छंद म्हणून लोहारकाम करणारे रुळाचा तुकडा उभा रोवून ऐरण म्हणून वापरतात, कारण उभ्या तुकड्यात घावाखाली सगळे वजन येते. रुळांच्या खिळ्यांच्या सुऱ्या करण्याचीही हौस अनेकांना असते. सोलापूर रेल्वेचे मोठे गाव आहे आणि असा माल कोणीतरी आणून देतोच. रेल्वेची वस्तू बेकायदा बाळगणे हा १९६६ च्या स्वतंत्र कायद्याने गुन्हा आहे आणि ती रीतसर मिळवली हे दाखवण्याची जबाबदारी जवळ बाळगणाऱ्यावर येते. बिलाशिवाय असा तुकडा घेऊ नका. जाड शाफ्टचा तुकडा बाभळीच्या ओंडक्यात उभा बसवला तरी काम तितकेच चांगले होते. त्याची उंची हात खाली सोडून मूठ वळल्यावर बोटांच्या सांध्यांपर्यंत यावी.

वडिलांची पोलिसांविषयीची भीती अनाठायी नाही, पण ती सुरीला लागू होत नाही, तलवारीला होते. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम पाहिले तर तलवार, खंजीर, भाला यांसारखी शस्त्रे, तसेच ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे नियंत्रणाखाली येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी घडवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. म्हणून रुंद खुरपे चालते, भाजीची सुरी चालते, विळीचे पाते चालते. परवान्याशिवाय तलवार तयार करणे किंवा विकणे हा गंभीर गुन्हा आहे. मित्र ती मिरवणुकीत केवळ मिरवणार आहेत, या सबबीने त्यात फरक पडत नाही. उत्सवांच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्र घेऊन फिरण्यास मनाई करणारे आदेशही निघतात. मित्रांना स्पष्ट नकार द्या आणि तो एकदाच द्या. दुधारी खंजिरासारख्या आकारांच्या नादालाही लागू नका. पहिले वर्षभर खुरपी, विळ्या आणि सहा इंचांच्या आतल्या सुऱ्या करा. खुरपे ओबडधोबड चुका पोटात घालते आणि शेतातल्या माणसाला दिले तर आठवड्याभरात धारेचा खरा निकाल कळतो. विक्रीचा विचार त्यानंतर. ज्यांना सुरी द्याल त्यांना हे पोलाद गंजते, कैरी-लिंबू चिरल्यावर काळवंडते, आणि धुऊन लगेच पुसून तेलाचा हात द्यावा लागतो, एवढे आधीच सांगा.

जमल्यास एखाद्या घिसाडी कुटुंबाच्या भट्टीशी एक-दोन सकाळी जाऊन बसा. तालुक्याच्या बाजारांच्या वाटेवर त्यांची पाले असतात. पुरुष सांडशीत लोखंड फिरवतो आणि बाई समोरून घण घालते, ती लय पाहण्यासारखी असते. त्यांच्या वेळेचे पैसे द्या, आपली दोन खुरपी त्यांच्याकडून शेवटून, म्हणजे नव्याने धार काढून, घ्या, आणि न विचारता मोबाइल काढू नका.

काकूंची तक्रार मात्र पूर्णपणे रास्त आहे. वाळवणांच्या दिवसांत दगडी कोळसा पेटवायचाच नाही. लोणारी कोळशाला धूर कमी येतो, पण ठिणग्या जास्त उडतात, म्हणून भट्टीवर पत्र्याचा आडोसा आणि धुराडे हवे आणि वाऱ्याची दिशा पाहून काम हवे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा नियमांत आहे. ऐरणीवरचा घाव तिच्या पुढे सहज जातो. ऐरणीच्या बुडाशी वाळू भरून बाजूला एक जड लोहचुंबक चिकटवला की तिचा खणखणाट बराच बसतो. ठोकाठोकीचे वार आणि वेळ ठरवून शेजारी कळवा, लोकांच्या दुपारच्या झोपेची वेळ टाळा. पुढे कधी गॅसकडे वळलात तर घरगुती सिलिंडर त्याला जोडता येत नाही, तो नियमभंग आहे. व्यावसायिक सिलिंडर, उच्च दाबाचा रेग्युलेटर आणि सिलिंडरला सावली लागेल. कोळसा असो की गॅस, शेड दोन बाजूंनी उघडी राहिली पाहिजे, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

भट्टी सिमेंटच्या कोब्यावर थेट मांडू नका. तापलेला कोबा फुटून कपच्या उडतात, खाली विटा आणि वाळू घाला. कपडे सुती असावेत, पायांत चामडी बूट, डोळ्यांवर चष्मा, घासताना मास्क. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे घालू नयेत. मुलीला जवळ बसू देऊ नका. शेडच्या बाहेर खडूने रेघ आखा आणि त्या रेघेच्या आत मुलगी केव्हाही नको, असा नियम करा. लालभडक लोखंडाला मूलही हात लावत नाही. भाजते ते काळे दिसणारे, चारशे अंशांचे लोखंड, आणि ते बहुधा कोठेतरी सहज ठेवून दिलेले असते. एक पत्र्याची वाळूभरली परात शेडच्या आतल्या कोपऱ्यात ठेवा. भट्टीतून निघालेला प्रत्येक तुकडा, मग तो कितीही थंड वाटो, तिच्यातच जाईल आणि तिच्यातून काढताना आधी पाण्याचा थेंब टाकून पाहिला जाईल, असे स्वतःला लावून घ्या.